बिटकॉइन नोडला घेराव पडू नये म्हणून काय करावे

नोड म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार तपासणारा, त्याच्या जाळ्यातला एक संगणक. असे संगणक थेट एकमेकांशी बोलतात, म्हणजे पीअर-टू-पीअर जाळ्यात मुख्य सर्व्हर नसतो. शेजारचे नोड जे सांगतील, तेच तुमच्या नोडचे जग. त्यामुळे हल्लेखोर एक तर गर्दी करून नोड गुदमरवतो, नाही तर सगळे शेजारी स्वतःचेच बसवतो. हा दुसरा प्रकार म्हणजे एक्लिप्स हल्ला, म्हणजेच घेराव. तो अधिक घातक, कारण नोड वरवर ठणठणीत दिसतो. बोस्टन विद्यापीठ आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये तो सविस्तर मांडला.

पुढील पायऱ्या बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या प्रोग्रामसाठी आहेत. सेटिंग्जची नावे त्याच्या सेटिंग्जच्या फाईलमध्ये रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, सलग टाईप करावीत.

१. आधी आवृत्ती ताजी करा. सप्टेंबर २०१८ मध्ये ०.१६.३ तातडीने काढावी लागली, कारण एकाच व्यवहारात तेच नाणे दोनदा वापरणाऱ्या ब्लॉकमुळे (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा) काही आवृत्त्या कोसळू शकत होत्या आणि काही तो ब्लॉक खरा मानू शकत होत्या. तिथे फायरवॉल कामाची नव्हती.

२. राउटरवर फक्त ८३३३ हा, नोड एकमेकांशी बोलतात तो पोर्ट उघडा. ८३३२ हा नोडला हुकूम देण्याचा पोर्ट आहे, तो इंटरनेटवर कधीही उघडू नका.

३. जोडण्यांची मूळ मर्यादा १२५ असते. त्यांतल्या ११ तुमचा नोड स्वतः निवडतो, उरलेल्या बाहेरून येतात. खरे संरक्षण या ११ जोडण्यांत आहे, कारण नोड त्या वेगवेगळ्या आयपी पट्ट्यांतून (इंटरनेट पत्त्यांच्या गटांतून) निवडतो. म्हणून जोडण्यांची मर्यादा ठरवणारे ‘मॅक्सकनेक्शन्स’ वाढवून सुरक्षा वाढत नाही. घरचा राउटर दमत असेल तर ४० ठेवा, कमी होतात त्या बाहेरून येणाऱ्या.

४. ओळखीच्या दोन-तीन जणांचे, वेगळ्या इंटरनेट कंपन्यांवरचे नोड ‘ॲडनोड’ने जोडा. ‘कनेक्ट’ वापरू नका, त्याने नोडची स्वतःची निवडच बंद पडते.

५. ‘मॅक्सअपलोडटार्गेट=५०००’ लिहा (आकडाही इंग्रजी अंकांत). २४ तासांत साधारण ५००० एमआयबी पाठवून होत आले की आठवड्याहून जुने ब्लॉक देणे थांबते, नवे जातच राहतात. जुने ब्लॉक पुन्हापुन्हा मागून तुमची लाईन खाणाऱ्याला इतके पुरते.

६. नोड ‘स्टॉप’ हा हुकूम देऊनच बंद करा. नीट बंद होताना तो दोन शेजाऱ्यांचे पत्ते जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी आधी त्यांच्याकडेच जातो. अचानक वीज गेली की ही नोंद होतच नाही, आणि घेराव घालणारा अशाच रीस्टार्टची वाट पाहतो. लहानसा यूपीएस जरूर लावा.

७. जोडलेल्या शेजाऱ्यांची यादी दाखवणाऱ्या ‘गेटपीअरइन्फो’ या हुकुमात एकाच पट्टीतून बरेच जण आलेले दिसले तर ‘सेटबॅन’ या हुकुमाने ती पट्टी रोखा. ही बंदी मुळात २४ तासांची असते. हल्लेखोर पत्ते बदलतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण तासभर न येणेही काही दिवसांतून एकदा आपोआप घडते. शंका आली तर मोबाइल डेटावरून एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉक दाखवणाऱ्या वेबसाइटवर) ब्लॉकची उंची, म्हणजे शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक, ताडून पाहा. तुमचा नोड मागे पडत चालला असेल, तर तो पुन्हा जुळेपर्यंत आलेले पैसे पक्के धरू नका.