सकाळी चालतं, दुपारी ट्रिप होतं: कन्व्हर्टर मॉड्यूल बसवताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की भोसरी-चाकणच्या पत्र्याच्या शेडमधून एक तक्रार हमखास येते. पॅनेलमधलं इलेक्ट्रॉनिक कार्ड सकाळी नीट चालतं, दुपारी बंद पडतं आणि थोडा वेळ थांबलं की आपोआप सुरू होतं. मग इनपुट सप्लाय तपासतात, केबल बदलतात, शेवटी कार्डावरचं डीसी-डीसी मॉड्यूलच (एका डीसी व्होल्टेजचं दुसऱ्या डीसी व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारा तयार कन्व्हर्टर) बदलतात. दुसऱ्या दुपारी नवंही तेच करतं. थंड झाल्यावर परत सुरू होणारं मॉड्यूल बहुधा खराब नसतं, त्याचं थर्मल प्रोटेक्शन, म्हणजे फार तापलं की बंद करणारी सोय, आपलं काम करत असतं. आधी संशय उष्णतेवर घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेडचं तापमान हेच मॉड्यूलभोवतीचं तापमान धरणं. १०० वॉट आउटपुट आणि ९० टक्के एफिशियन्सी असेल, तर सुमारे ११ वॉट उष्णता मॉड्यूलमध्येच तयार होते. हीटसिंकसह (उष्णता हवेत सोडणारा फिनांचा धातूचा ठोकळा) थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे उष्णतेच्या दर वॉटमागे होणारी तापमानवाढ, ४ अंश धरला, तर बेसप्लेट (मॉड्यूलची धातूची तळपट्टी) भोवतालच्या हवेपेक्षा ४४ अंशांनी तापते. सकाळी शेडमध्ये २८ अंश आणि बंद पॅनेलच्या आत ४३ असतील, तर बेसप्लेट ८७ वर राहते. दुपारी शेड ४० वर गेली की पॅनेल ५५ आणि बेसप्लेट ९९. बऱ्याच मॉड्यूलची मर्यादा १०० अंश असते. म्हणून डेटाशीटचं पहिलं पान बघून वॉट ठरवू नका, डिरेटिंग कर्व्ह (तापमान वाढेल तसे वॉट किती कमी घ्यायचे ते दाखवणारा आलेख) उघडा आणि त्यात पॅनेलच्या आतलं तापमान घाला.

मोजताना तर फारच फसगत होते. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली की ती खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते, कारण असा पृष्ठभाग स्वतः फार कमी किरणं सोडतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा घट्ट चिकटवा, थोडं थांबा आणि मग टेपवर वाचा. त्याहून चांगलं म्हणजे डेटाशीटमध्ये दाखवलेल्या बिंदूवर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) चिकटवून वायर बाहेर काढा, पॅनेलचं दार लावा आणि पूर्ण लोडवर आकडा स्थिरावेपर्यंत चालवा. दार उघडं ठेवून घेतलेल्या रीडिंगवर माझा अजिबात विश्वास नाही.

थर्मल पेस्ट जाड थापणं हीसुद्धा चूकच. धातूच्या मानाने पेस्ट उष्णता फारच कमी वाहून नेते. तिचं काम दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटीतली हवा हटवण्यापुरतं. पातळ थर द्या आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की दुसरा उचलला जातो. हीटसिंक काढलाच, तर जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

पंखा नसेल तर हीटसिंकच्या फिनांमधल्या (पात्यांमधल्या) खाचा उभ्या असायला हव्यात, आडव्या खाचांत गरम हवा अडकते. पंखा असेल तर वारा खरंच मॉड्यूलवरून जातोय का ते बघा, कारण समोर उंच कपॅसिटर असला की हवा बाजूने निघून जाते. फिल्टरवरची धूळही उन्हाळ्याआधी झाडून घ्या. दोन मॉड्यूल वाऱ्याच्या रेषेत एकामागे एक असतील, तर मागच्याला पुढच्याची गरम हवा मिळते, त्यामुळे हिशोब मागच्याचा करा.

बेसप्लेट नसलेल्या मॉड्यूलची बरीच उष्णता पिनांतून बोर्डात उतरते, तिथे बोर्डावरच्या तांब्यात कंजुषी नको. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मॉड्यूलला खेटून बसवू नका. दर १० अंश वाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मॉड्यूल टिकतं आणि शेजारचा कपॅसिटर फुगतो, असं झालेलं कार्ड समोर आलं तर कपॅसिटर बदलून थांबू नका, त्याची जागाही बदला.