ठरावीक अंतरातले शेजारी: ग्रिड कसा बांधावा

सपाटीवर १ लाख बिंदू आहेत आणि एका ठरावीक त्रिज्येच्या आत येणाऱ्या सगळ्या जोड्या हव्या आहेत. प्रत्येक बिंदू प्रत्येकाशी ताडायचा तर सुमारे ५०० कोटी तुलना होतात. बिंदू बऱ्यापैकी सारखे विखुरलेले असतील तर साधा ग्रिड (सपाटीवर आखलेली सारख्या चौकोनी घरांची जाळी) पुरतो, केडी-ट्रीची (जागा दुभागत जाणाऱ्या झाडासारख्या रचनेची) गरज नाही.

घराची बाजू त्रिज्येएवढी ठेवा. मग शेजारी स्वतःच्या आणि भोवतालच्या ८ घरांतच सापडतात. बाजू त्याहून लहान ठेवून ९ घरंच तपासली तर जोड्या गळतात, आणि प्रोग्रॅम काहीच तक्रार करत नाही.

घराचा क्रमांक = ओळ × स्तंभसंख्या + स्तंभ.

प्रत्येक घराला वेगळी यादी देऊ नका. मेमरी विखुरते आणि कॅशचा (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा) फायदा जातो. त्याऐवजी ‘सुरुवात’ नावाचा एकच अ‍ॅरे घ्या, लांबी घरांच्या संख्येपेक्षा १ जास्त, सगळीकडे ०. पहिल्या फेरीत प्रत्येक बिंदूसाठी त्याच्या घराच्या आकड्यात १ वाढवा. मग डावीकडून चालती बेरीज करा, म्हणजे प्रत्येक आकड्यात त्याच्या आधीचे सगळे आकडे मिळवा. शेवटच्या फेरीत प्रत्येक बिंदूसाठी त्याच्या घराचा आकडा १ ने कमी करा आणि येणाऱ्या जागी तो बिंदू नव्या अ‍ॅरेत ठेवा. आता घर ७ मधले बिंदू सुरुवात[७] पासून सुरुवात[८] च्या आधीपर्यंत सलग बसलेले असतात. बिंदूंचे नुसते क्रमांक नको, त्यांचे निर्देशांकच (x, y) हलवा. नाहीतर शोधताना पुन्हा मेमरीभर उड्या माराव्या लागतात.

या मांडणीचा खरा फायदा शोधताना कळतो: एका ओळीतली ३ घरं अ‍ॅरेत लागोपाठ असतात, म्हणून ९ घरांसाठी ३ लूप पुरतात. काठावर स्तंभ ० आणि शेवटचा स्तंभ यांच्या आतच राहा, नाहीतर लूप शेजारच्या ओळीत घुसतो. अंतराचे वर्गच ताडा, वर्गमूळ काढू नका.

ओळ आणि स्तंभ काढायला निर्देशांक घराच्या बाजूने भागतात; ऋण निर्देशांक असतील तर तिथे फ्लोअर (खालचा पूर्णांक) वापरा. नुसता अपूर्णांक छाटला तर −०.३ आणि ०.३ दोन्ही ० मध्ये जातात. घर ० दोन्ही दिशांनी दुप्पट होऊन त्यात चौपट बिंदू साठतात. उत्तर बरोबर येतं, वेग मात्र जातो, म्हणून ही चूक सापडायला वेळ लागतो.

त्रिमितीत मेमरीचा हिशेब आधी करा. दर बाजूला १००० घरं म्हणजे १०० कोटी घरं, ४ बाइटच्या आकड्यांनी सुमारे ४ जीबी. तिथे फक्त भरलेली घरं हॅश टेबलात (क्रमांकावरून थेट नोंद शोधणाऱ्या तक्त्यात) ठेवा. आणि सगळ्यात भरलेल्या घरात किती बिंदू आहेत ते छापून बघा: निम्मे बिंदू एकाच घरात असतील, तर ग्रिडचा फायदा जातो, आणि केडी-ट्रीनेही फारसं वाचत नाही, कारण त्या घरातल्या बहुतेक जोड्या त्रिज्येच्या आतच असतात.