पाऊस लागण्याआधी घराची तयारी

खेड्यातल्या घराची पावसाळी तयारी करताना कामे महत्त्वाप्रमाणे लावावीत असे कुणालाही वाटते, पण मी ती वेगळ्या रीतीने लावते. जे काम पाऊस लागल्यावर करताच येत नाही ते पहिले, आणि जे अडचणीने का होईना, भर पावसातही उरकता येते ते नंतर. या क्रमाने पाहिले की छप्पर आपोआप सर्वांच्या पुढे येते, कारण ओल्या छपरावर चढणे जिवावर बेतू शकते आणि ओल्या पत्र्यावर लेप सहसा धरत नाही.

छपराची तपासणी वर चढून नव्हे, घरात बसून सुरू करावी. भर उन्हात, सूर्य बराच वर आलेला असताना, दारे-खिडक्या बंद करून प्रत्येक खोलीत दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की जमिनीवर कवडसे दिसू लागतात आणि त्यांतला प्रत्येक कवडसा म्हणजे उद्याची गळती. मात्र कवडसा जिथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असतेच असे नाही, कारण किरण तिरपा येतो. पांढरा कागद कवडशावर धरून तो प्रकाशाच्या रेषेत हळूहळू वर न्यावा, म्हणजे नेमके कौल किंवा पत्र्याचा नेमका खिळा सापडतो. तिथे आतून खडूने खूण करावी. ऊन कलल्यावर दुसऱ्यांदा पाहावे, कारण दुपारी न दिसलेली एखादी फट तेव्हा उजेड आत सोडते. जी गळती कवडशाने कळत नाही ती वाशांवरच्या जुन्या डागांनी कळते; पाणी वाशाच्या कडेने बरेच अंतर वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी ठिबकते, म्हणून डागाचा माग नेहमी उताराच्या वरच्या बाजूला काढावा. फुटकी कौले बदलताना पाच-दहा कौले जास्तीची आणून ओसरीच्या कडेला रचून ठेवावीत. वाऱ्याने एक कौल घसरले आणि बदली कौल घरात नसले, तर अख्खी खोली रिकामी करण्याची वेळ येते.

त्याच शिडीवरून पन्हळ साफ करून घ्यावी. पाला आणि घट्ट बसलेली माती हाताने काढून झाल्यावर वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतावे आणि ते खालच्या टोकापर्यंत न थांबता जाते का, ते शांतपणे पाहावे. मधे डबके साचत असेल तर पन्हळीचा आधार तिथे खचलेला असतो. एका वर्षी मी हे काम ‘पहिल्या सरीनंतर पाहू’ म्हणून पुढे ढकलले. पन्हळ भरून पाणी भिंतीच्या आतल्या बाजूने उतरले आणि त्या भिंतीची ओल पुढे कित्येक महिने हाताला लागत राहिली. पन्हळीचे पाणी साठवायचे असेल तर हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे ६० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरच्या सरीचे सुमारे ६०० लिटर. उडून आणि झिरपून जाणारे यातून वजा करावे लागते, तरीही टाकी केवढी हवी हे त्यावरून ठरवता येते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी मात्र धूळ आणि पाखरांची विष्ठा घेऊन येते, तेव्हा ते टाकीत न घेता बाहेर सोडावे. घराभोवतीचे चरही याच दिवसांत उपसून मोकळे करावेत, कारण कोरड्या मातीत पाण्याला उतार देणे अर्ध्या मेहनतीत होते.

यानंतर विहीर. कठड्याच्या भेगा बुजवाव्यात, भोवतालचा ओटा बाहेरच्या बाजूला उतरता आहे याची खात्री करावी, आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरल्यावर शुद्धीकरण करावे लागेल असे धरून ब्लीचिंग पावडर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात आणून ठेवावी. चांगल्या प्रतीची पावडर १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर भरते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून, पावडरीतला चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे, विहिरीत सोडून नीट ढवळावे आणि त्यानंतर किमान तासभर पाणी काढू नये. उघड्या पडलेल्या जुन्या पावडरीचा जोर उतरतो, म्हणून गेल्या वर्षीच्या उरल्यासुरल्या डब्यावर भरवसा ठेवू नये.

सरपणाविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण पावसाळ्यातले निम्मे सुख मला कोरड्या लाकडात दिसते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते, आणि ते २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही. चुलीची बरीचशी धग ते पाणी उडवण्यातच जाते आणि घरात नुसता धूर कोंडतो. सुकलेले लाकूड ओळखायला उपकरण लागत नाही. त्याच्या कापलेल्या टोकाला मध्यापासून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या असतात, साल नखाने सुटते, हातात घेतले तर ते दिसते त्याहून हलके भरते, आणि दोन ओंडके एकमेकांवर आपटले तर टणक, खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड धप्प वाजते. रचताना खाली दगड किंवा फळ्या घालाव्यात आणि रास घराच्या भिंतीला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवीला रस्ता मिळतो. वरून झाकावे, पण बाजू उघड्या ठेवाव्यात. प्लास्टिकने चहूबाजूंनी गच्च गुंडाळलेली रास आतल्या आत घाम धरते आणि बुरसते. बारीक काटक्या आणि पेटवण वेगळ्या टोपलीत, घराच्या आत असावे. बाहेर झड लागलेली असताना पहिल्याच काडीला चूल पेटते, त्या सकाळचा आनंद मला फार मोलाचा वाटतो.

धान्याचे काम कमी, पण घाईने उरकण्याचे नाही. उन्हात वाळवलेले धान्य गरम असताना कणगीत भरू नये. ते सावलीत पुरते निवू द्यावे, नाहीतर आत दमट वाफ धरते. दाणा दाताखाली कट्ट आवाज करून तुटला तर तो भरण्याजोगा झाला. चेपला गेला तर आणखी एक ऊन द्यावे. कणगी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर असावी.

उजेडाची सोय करताना एकच मोठा दिवा घेण्यापेक्षा दोन-तीन लहान बॅटऱ्या ठरलेल्या जागी टांगणे मला अधिक शहाणपणाचे वाटते: एक उशाशी, एक चुलीजवळ, एक दाराच्या आतल्या खुंटीला. दाराजवळची बॅटरी सर्वांत महत्त्वाची, कारण पावसात साप आणि विंचू कोरड्या आडोशाला येतात. सरपणाच्या राशीत हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करावा आणि बाहेर ठेवलेला बूट झटकल्याशिवाय पायात घालू नये. सर्पदंशावरचे विषविरोधी इंजेक्शन जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते आणि रात्री तिथे कोणत्या वाहनाने जाता येईल, हे आत्ताच विचारून एका कागदावर लिहून दारामागे लावावे. दंश झाला तर चिरा देणे, रक्त चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता माणसाला तडक रुग्णालयात न्यावे.

डासांसाठी वेगळा खर्च करण्याआधी साठलेले पाणी शोधावे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटकी भांडी आणि जुने टायर आठवड्यातून एक ठरलेला वार धरून उपडे केले, तर त्यांची पैदास तिथेच खुंटते. टाकीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.

उरले ओसरीचे. ओल्या छत्र्यांसाठी एक खुंटी, चिखलाच्या पायांसाठी दगड आणि तांब्या, आणि कपडे वाळत घालायला छपराखाली एक जादा दोरी, एवढे आधीच करून ठेवले की घरातली निम्मी कुरकुर थांबते. बसण्याची जागा मात्र आधी ठरवता येत नाही. पहिली जोराची सर आली की हातातले काम ठेवून ओसरीवर यावे, पागोळ्यांचे तुषार फरशीवर कुठपर्यंत येतात ते नीट पाहावे आणि फरशी वाळली की तिथे खडूने रेघ ओढून खुर्ची तिच्या वीतभर आत ठेवावी.