अंगातल्या सुजेसाठी जवस खायचं, तर चटणी अशी करा

रात्री चमचाभर जवस भिजवायचं आणि सकाळी उपाशीपोटी पाण्यासकट गिळून टाकायचं, हा सल्ला घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्याने पोट साफ होतं, हे खरं. भिजलेल्या दाण्याभोवती जो बुळबुळीत चीक येतो तो आतड्याला चांगलाच. पण सुजेसाठी, म्हणजे पाय सुजतात ती नव्हे तर शरीरात आतून धुमसणाऱ्या सुजेसाठी (इन्फ्लमेशन), म्हणून खात असाल तर हा खटाटोप जवळजवळ फुकट. जवसाचं टरफल टणक आणि गुळगुळीत असतं. दाणा न फुटता पोटात गेला की तसाच बाहेर पडतो आणि कामाचं तेल आतच राहतं.

दाण्यात वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. सूज पेटती ठेवणारी बरीचशी रसायनं शरीर ओमेगा-६ पासून बनवतं. या दोन्ही चरबींना पुढच्या कामासाठी एकच एन्झाइम लागतात, त्यामुळे ओमेगा-३ चा वाटा वाढला की ओमेगा-६ ला हात आखडता घ्यावा लागतो. जवसात लिग्नान नावाचं वनस्पतींतलं द्रव्यही भरपूर असतं. आतड्यातले जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि तेही या कामी थोडा हातभार लावतं.

‘थोडा’ हा शब्द जाणूनबुजून वापरलाय. रक्तातल्या सीआरपीवर, म्हणजे सूज मोजायच्या तपासणीवर, जवसाचा परिणाम पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. जिथे घट दिसली तिथेही ती माफक, आणि जास्त करून वजन वाढलेल्या लोकांत. मासळीतलं ओमेगा-३ शरीराला जवळपास तयार मिळतं, जवसातल्याचा मात्र लहानसा भागच त्या रूपात बदलतो. बांगडा-तारली नेमाने खाणाऱ्याने जवसामागे धावायची गरज नाही. शाकाहारी माणसाने जरूर खावं. संधिवाताची गोळी मात्र चटणीच्या भरवशावर कोणी बंद करू नये.

साहित्य. एक वाटी जवस, आठ-दहा लसूण पाकळ्या, पाच-सहा सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, मीठ, आणि आवडत असेल तर चिंचेचं बुटूक. शेंगदाणे आणि खोबरं घालून चटणी चविष्ट होते, पण मग ती शेंगदाण्याची चटणी. जवस निवडून घ्या, त्यात बारीक खडे निघतात. धुवायच्या भानगडीत पडू नका, चिकट लगदा होईल.

भाजणं. सगळं इथेच बिघडतं, आणि मलाही हे जमायला बराच काळ लागला. तीळ किंवा शेंगदाणे भाजताना आपण रंगाकडे बघतो. जवस आधीच तपकिरी, त्यामुळे रंग बदललेला दिसेपर्यंत ते करपलेलं असतं. करपलेल्या जवसाचा कडूपणा लसूण, गूळ, चिंच कशानेही झाकला जात नाही. ते सरळ टाकून द्या.

जाड बुडाची कढई घ्या, आच मंद ठेवा आणि तळाला एकच थर बसेल एवढंच जवस घाला. वाटीभर असेल तर दोन घाणे करा. घाई म्हणून सगळं एकदम ओतलं की खालचं जळतं आणि वरचं कच्चं राहतं. सतत हलवत राहा. आधी एखाद-दुसरा दाणा तडतडतो, मग सगळेच उड्या मारू लागतात. तडतड जोरात असताना खमंग वास येतो आणि दाणे किंचित फुगलेले दिसतात. तडतड ओसरायला लागली की लगेच गॅस बंद करून जवस ताटात पसरा. कढईत ठेवून दिलं तर गॅस बंद असूनही ते भाजत राहतं, आणि बहुतेकांचं जवस याच दोन मिनिटांत जळतं.

खात्री करायची तर चार दाणे गार करून दाताखाली धरा. कुडुम वाजले तर झालं. चिवट लागून दाढेला चिकटले तर पुन्हा दोन मिनिटं. गरम दाणा चावून अंदाज घेऊ नका, तो नेहमी कच्चाच वाटतो.

भाजल्याने ओमेगा-३ मरतं, असं सांगणारे भेटतील. दाणा अख्खा आणि आच मंद असेल तर तेल आत बंद राहतं, फारसं नुकसान होत नाही. उलट कच्च्या जवसात सायनाइड तयार करणारे घटक अल्प प्रमाणात असतात, ते भाजल्याने कमी होतात. नाजूक असतं ते काढलेलं तेल. घाण्याच्या जवसतेलात तळण-फोडणी करू नका, ते वरूनच घ्या.

लसूण त्याच कढईत कोरडा होईस्तोवर परता, मिरच्या आणि जिरं गरम करून घ्या. ओला लसूण राहिला तर चटणी आठवड्यात वास मारते.

वाटणं. सगळं पूर्ण गार झाल्यावर, मिक्सर थांबवत-थांबवत. सलग फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि गोळा होतो. भरड चालेल, पण चिमूट बोटांत चोळून बघा. अख्खे गुळगुळीत दाणे लागले तर अजून एक फेरी.

ठेवणं. काचेची बरणी, फ्रीजमध्ये, दोन-तीन आठवड्यांपुरतीच. जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं. ऑइलपेंटसारखा वास आला की बरणी रिकामी करा. जवसाचं तेल रंगात घालतात ते हवेत सुकून घट्ट होतं म्हणूनच. जास्तीचं जवस अख्खंच साठवा.

किती. मोठा चमचाभर जवसपूड म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-३. रोज एक ते दोन चमचे पुरे. सुरुवात छोट्या चमच्याने करा, नाहीतर पोट फुगेल, आणि पाणी भरपूर प्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आतड्यात अडथळ्याचा त्रास झाला असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इतर गोळ्या आणि जवस यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा, कारण जवसाचा बुळबुळीत चीक औषध शोषलं जाण्यात अडथळा आणू शकतो.

कशाबरोबर. ज्वारीची गरम भाकरी, कांदा आणि वर तेलाची धार. फक्त ही धार सूर्यफुलाची किंवा करडईची नको. नेहमीच्या सूर्यफूल आणि करडई तेलात ओमेगा-६ खच्चून असतं, म्हणजे चटणीतून ओमेगा-३ द्यायचं आणि वरून त्याच्या स्पर्धकालाच बळ द्यायचं. जवसाचं ताजं तेल मिळालं तर ते घ्या, नाहीतर घट्ट दही.