बाळ ब्रिटनमध्ये जन्मलं, आता कागद कोणते?

माझी दोन्ही मुलं रेडिंगला, एकाच हॉस्पिटलात झाली. मुलगा जन्मतःच ब्रिटिश, मुलगी मात्र भारतीय पासपोर्टवर वाढली. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "दोघं एकाच मातीतली ना गं?"

इथे माती १ जानेवारी १९८३ पासून पुरत नाही. त्या दिवसापासून जन्मलेलं बाळ ब्रिटिश ठरायला आई किंवा वडील जन्माच्या वेळी ब्रिटिश तरी हवेत, नाहीतर इथे कायमचे स्थायिक, म्हणजे आपल्या बोलण्यातला आयएलआर मिळालेले. मुलीच्या वेळी आम्ही वर्क व्हिसावर होतो, मुलाच्या वेळी आयएलआर हातात होता. म्हणून आधी स्वतःच्या आयएलआरची तारीख काढा आणि बाळाच्या जन्मतारखेशेजारी ठेवा. ती आधीची असेल तर सरळ ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज करा. भारतातल्या आजीकडे जायला मग ओसीआय काढा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड.

नसेल, तर पुढे वाचा.

जन्माची नोंद इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत करायची असते. आमच्याकडे बाराव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बारसं झालं, त्यामुळे नाव तयार होतं. वडिलांचं नाव मधे घालायचं असेल तर इथेच घाला, कारण पुढचे सगळे कागद या दाखल्यावरून निघतात. सही करण्याआधी रजिस्ट्रार मजकूर तपासायला देतात. तेव्हा घाई करू नका, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आमच्या यांच्या आडनावातला एक 'एच' मी तिथेच पकडला, नंतर दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी. दाखला मोठा घ्या, छोट्यावर आईवडिलांची नावं नसतात.

मग भारतीय उच्चायुक्तालयात जन्मनोंद. ही वर्षाच्या आत करा. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. त्यानंतर बाळाचा भारतीय पासपोर्ट.

आता आमची चूक. इथे जन्मलेल्या बाळाला इथेच राहायला व्हिसा लागत नाही, म्हणून आम्ही निवांत होतो. पाच महिन्यांची लेक घेऊन पुण्याला गेलो, आणि परत यायला तिला व्हिसा हवा! मी आणि ती तिथे अडकलो, हे एकटे परतले. तुम्ही निघण्याआधी इथूनच बाळाचा डिपेंडंट (आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला) व्हिसा काढा.

पुढे आईवडिलांपैकी एकाला आयएलआर मिळाला की मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. अठरा वर्षांच्या आत, एमएन१ फॉर्मवर. आपोआप काही होत नाही. फी भरपूर आहे, पैसे आधीपासून बाजूला टाकत जा.

आयएलआर रखडला तरी एक दार उघडं असतं. मूल इथे जन्मलं आणि पहिली दहा वर्षं इथेच वाढलं, तर टी फॉर्म भरून त्याला स्वतःच्या हक्काने नोंदणी मिळते, आईवडिलांचा व्हिसा कुठलाही असो. अट अशी की त्या दहापैकी कोणत्याही वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर नसावं. त्याहून जास्त झालं तर सूट देणं इथल्या सरकारच्या मर्जीवर. म्हणून विमानाची तिकिटं जपा, शाळेची पत्रं आणि जीपीकडच्या (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या) लसीच्या नोंदी एका फाइलला लावत जा.

हा दहा वर्षांचा नियम मला मनापासून पटतो. न्यू जर्सीत माझ्या मावसभावाची मुलगी वर्क व्हिसावरच्या आईबापांच्या पोटी जन्मली आणि काही आठवड्यांत तिला अमेरिकन पासपोर्ट आला. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण ब्रिटनला नावं ठेवायला आपलं तोंड नाही. भारतानेही १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यांसाठी आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा असं केलं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून ते आणखी कडक केलं. माझी तक्रार आहे ती फीची. हक्क मुलाचा म्हणायचा आणि एवढे पैसे मागायचे?

ब्रिटिश पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यावा लागतो, मग ओसीआय. रद्दचा शिक्का मारून तो परत मिळतो. फेकू नका, ओसीआयच्या अर्जाला त्याची प्रत लागते. आमच्या लेकीच्या पासपोर्टातला फोटो पलंगावर पांढरी चादर टाकून काढलेला आहे, अकराव्या प्रयत्नात तिने डोळे उघडले होते.