वळीव येणार का, हे आकाशावरून कसे ओळखावे
एप्रिल-मे महिन्यांत देशावर वळीव बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून निरीक्षणाला सकाळी 11च्या सुमारास सुरुवात करावी. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि ढग होईपर्यंत दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने थंड होत जाते. तिच्यात पुरेसे बाष्प असेल, तरच कापसाच्या पुंजक्यांसारखे सपाट तळाचे ढग दिसू लागतात. हे पुंजके रुंदीपेक्षा उंचीने वाढू लागले आणि त्यांचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा माथा ऐरणीसारखा पसरला, की गडगडाटी ढग तयार झाला असे समजावे. केवळ उकाड्यावर विसंबू नये. घामाघूम करणारे कितीतरी दिवस कोरडेच जातात. मात्र अचानक गार वारा सुटून धूळ उडाली, तर गच्चीवरच्या कुरडया आधी उचलाव्यात, कारण ती ढगातून पावसासोबत खाली कोसळून जमिनीवर पसरलेली थंड हवा असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून 3ने भागले, की किलोमीटरमधील अंतर मिळते. 30 सेकंदांच्या आत आवाज आला, तर झाडाचा आडोसा न घेता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.