रात्री कार्पसाठी गळ टाकण्यापूर्वीची तयारी

रात्री कार्पच्या मागे जायचे ठरवले की जे काम दिवसाउजेडी उरकता येते ते अंधारासाठी शिल्लक ठेवू नये, एवढे पक्के धरून तयारीला लागावे. कार्प हा कमालीचा सावध मासा आहे. दिवसा वर्दळीच्या काठापासून तो लांब राहतो, पण सगळीकडे सामसूम झाली की अनेकदा काठालगतच्या उथळ पाण्यात चरायला येतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाय आपटत, विजेरीचा झोत पाण्यावर फिरवत सामान शोधत बसणारा माणूस त्याला स्वतःच पळवून लावतो.

परवाना आणि त्या पाण्याचे नियम आधी पाहावेत. दिवसा मासेमारीला मुभा असलेल्या कित्येक तलावांवर रात्री मनाई असते, शिवाय एका माणसाने गळाच्या किती काठ्या लावाव्यात आणि पकडलेला मासा परत सोडणे बंधनकारक आहे का, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे असते.

जागेवर सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचावे, कारण तळाची पाहणी उजेडातच नीट होते. दोरीला नुसते शिसे बांधून ते लांब फेकावे आणि काठीने सावकाश ओढत आणावे: तळ खडकाळ किंवा खडीचा असेल तर काठीच्या टोकाला टकटक जाणवते, चिखल असेल तर शिसे जड होऊन रुतल्यासारखे येते, आणि पाणवनस्पती असतील तर ते अडकते, सुटते, पुन्हा अडकते. पाणवनस्पतींच्या कडेचा स्वच्छ, कठीण तुकडा सापडला तर मी दुसरी जागा शोधत नाही. ही जागा अंधारात पुन्हा गाठता यावी म्हणून दोन खुंट्या एकमेकींपासून १२ फुटांवर रोवून त्यांच्याभोवती त्या जागेपर्यंतच्या अंतराची दोरी गुंडाळावी, वेढे मोजून वहीत लिहावेत आणि दिशेसाठी आकाशाच्या पार्श्वभूमीवर रात्रीही ओळखू येईल असा झाडाचा शेंडा हेरून ठेवावा. अंतर राखण्यासाठी दोरी रिळाच्या (काठीवरच्या दोरी गुंडाळण्याच्या चक्राच्या) क्लिपमध्ये अडकवली असेल, तर गळ टाकून झाल्याबरोबर ती सोडवायला विसरू नये. नाहीतर मासा दोरी घेऊन पळताच ती तुटते.

दोरी १२ ते १५ पौंड ताकदीची असावी आणि तिचे शेवटचे काही मीटर बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावेत. कुठे खरखर लागली तर तेवढा भाग बेधडक कापून टाकावा. सहा किंवा आठ नंबरचा, उलटा काटा नसलेला गळ पुरतो. त्याचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवावे. ते रुतले तर गळ ठेवावा, घसरले तर बदलावा. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. अन्न तो पाण्यासकट शोषून घेतो आणि काही खटकले तर लगेच थुंकतो. म्हणूनच १९८०च्या दशकापासून सर्वत्र पसरलेल्या हेअर रिग नावाच्या जोडणीत आमिष गळावर न खोचता त्याच्या मागे बारीक दोऱ्यावर लोंबते आणि गळाचे टोक मोकळे राहते. अशा पाच-सहा जोडण्या घरीच बांधून न्याव्यात. मुख्य दोरी तुटलीच तर शिसे आपोआप सुटेल आणि मासा ते ओढत फिरणार नाही, अशीच मांडणी असावी. याबाबत तडजोड नको.

आमिषाला मका सोपा आणि भरवशाचा आहे, मात्र कोरडे दाणे २४ तास भिजवून किमान अर्धा तास उकळलेले असावेत, कारण कच्चे दाणे माशाच्या पोटात फुगून त्याला अपाय करू शकतात. सुरुवातीला चार-पाच मुठीच टाकावेत. जास्त टाकता येतात, टाकलेले परत काढता येत नाहीत.

मासा हाताळण्याच्या सामानात काटकसर करू नये, आणि ते अपुरे असेल तर त्या रात्री गळ टाकूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुमारे एक मीटर रुंद तोंडाची हातजाळी, जाड मऊ गादी, पाण्याने भरलेली बादली, गळ काढायचा चिमटा आणि वजनाची झोळी या वस्तू काठ्यांच्या एकाच बाजूला, ठरलेल्या क्रमाने मांडाव्यात आणि अंधार पडण्यापूर्वी डोळे मिटून प्रत्येक वस्तूला हात लावून पाहावा. गादी, झोळी आणि स्वतःचे हात आधी ओले करावेत, म्हणजे माशाच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघत नाही. पाणवनस्पती रात्री ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटेपूर्वी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. त्या वेळी आलेला मासा आधीच थकलेला असतो, तेव्हा फोटोच्या नादात वेळ न दवडता त्याला पाण्यात धरून तो स्वतःहून निघेपर्यंत आधार द्यावा.

डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाने तो सराव क्षणात मोडतो, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी लाल दिव्याची घ्यावी, जादा सेल खिशात ठेवावेत. रिळाचा ब्रेक ढिला आहे ना आणि बाइट अलार्मचा (मासा दोरी ओढताच वाजणाऱ्या यंत्राचा) आवाज आपल्याला ऐकू येण्यापुरताच आहे ना, हे तपासावे.

उबदार व कोरडे जादा कपडे, प्रथमोपचाराची पेटी आणि भरपूर चार्ज केलेला फोन हवाच. कुठे बसणार आणि कधी परतणार हे घरी सांगून निघावे, आणि निसरड्या किंवा खोल काठावर लाइफ जॅकेट घालावे. बंद तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते. म्हणून विजेच्या तारांखाली बसू नये, आणि गडगडाट सुरू होताच काठ्या खाली ठेवून लांब जावे.

जाळी, गादी आणि झोळी एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नेण्यापूर्वी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवलेल्या असाव्यात, कारण कोइ हर्पिससारखे कार्पचे घातक विषाणू ओल्या सामानातून पसरतात. निघण्याच्या दिवशी त्या दमट लागल्या, तर जाणे पुढे ढकलावे.